तुम्ही विचारलंय: दृढीकरण (कॅथलिक श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं, रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चुकत नाही. पण बाकीचे सहा दिवस श्रद्धा कशी जगायची?

जोशात सुरू केलेली प्रार्थना आठवड्यात सुटते, असंही तुम्ही लिहिलंय. माझ्या मते इथे श्रद्धा कमी पडत नाही, बेत फार मोठा असतो. रोज अख्खी रोझरी (मरियेच्या जपमाळेची प्रार्थना) आणि बायबलचे तीन अध्याय ठरवले की चौथ्या दिवशी एक चुकतं आणि त्यापायी सगळंच सुटतं.

सुरुवात रात्रीच्या दहा मिनिटांच्या आत्मपरीक्षणाने करा. जेज्विट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची ही पद्धत सोळाव्या शतकातली. आधी दिवसातल्या नेमक्या गोष्टींसाठी देवाचे आभार, मग स्वतःला ओळखण्याची कृपा मागणं, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवणं, चुकलं त्याची क्षमा आणि शेवटी उद्यासाठी एक निश्चय. बरेच जण आभार गाळून थेट पापांवर येतात. मग प्रार्थना बाजूला राहते आणि स्वतःला कोसणं सुरू होतं. निश्चयही ‘चांगलं वागेन’ असा मोघम नको. ‘उद्या आईला उलट उत्तर देणार नाही’ असा हवा. आणि हे खुर्चीत बसून करा, अंथरुणात झोप लागते.

याचा खरा उपयोग पापनिवेदनाला, म्हणजे फादरांजवळ पापं कबूल करताना होतो. गंभीर पापांचं निवेदन वर्षातून किमान एकदा करावं, हा चर्चचा नियम. वाढायचं असेल तर महिन्यातून एकदा जा, शक्यतो एकाच फादरांकडे. गंभीर पाप कोणतं आणि किती वेळा, एवढं सांगा. इतरांची नावं नकोत. खूप दिवसांनी जात असाल तर तसं सुरुवातीलाच सांगा, फादर पुढे नेतात. तिथलं बोलणं ते कुणालाही सांगू शकत नाहीत, त्यामुळे लाजेपायी टाळू नका.

रविवारचं शुभवर्तमान (मिस्सात वाचला जाणारा येशूविषयीचा बायबलमधला उतारा) शनिवारी रात्री दोनदा वाचा आणि एक वाक्य मनात धरून मिस्साला जा. प्रवचन मग कानावरून जात नाही.

रोझरीचं एकच दशक पुरे: एक ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’, दहा ‘नमो मरिये’, एक ‘पित्याला गौरव’. तीन-चार मिनिटं लागतात. महिनाभर टिकलं तर दुसरं जोडा.

मन कोरडं पडण्याचे दिवस येणारच. अशा काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, असं इग्नेशियस बजावतात. उलट ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच थांबायला सांगतात. त्या रात्री दहाऐवजी अकरा मिनिटं बसा.