42व्या वर्षी, 16 वर्षांची कंपनी सोडून दुसरी नोकरी मिळते का?

मिळते. पण विशीत जशी शोधली तशी शोधायला गेलात तर मिळणार नाही.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला एकाच कंपनीत 16 वर्षं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे) ऑपरेटर आहात, वय 42. उत्पादनाची लाइन दुसऱ्या राज्यात हलणार अशी कुजबुज आहे. पुण्याकडं चाकणला जावं, इथंच दुसरीकडं बघावं की गावी परतावं, हे ठरत नाही. आणि मुलाचं आयटीआय यंदा पूर्ण होतंय. मी परभणी जिल्ह्यातला, फिटर ट्रेड करून नव्वदच्या दशकात वाळूजला आलो. ट्रेनी, कॉन्ट्रॅक्ट, परमनंट असं सगळं झालं. आता एका लहान कारखान्यात प्रॉडक्शन बघतो आणि नवीन माणूस घ्यायचा तर त्याची पारख माझ्याकडंच येते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, दादा. कुजबुजीवर राजीनामा देऊ नका. ग्रॅच्युइटी तुम्ही स्वतः सोडलंत तरी मिळते, कारण पाच वर्षांची अट तुम्ही केव्हाच ओलांडली. हिशेब सोपा आहे: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. बेसिक-डीए 18,000 धरला तर 16 वर्षांचे साधारण 1 लाख 66 हजार होतात. पण कंपनीने कामगार कपात केली तर त्याशिवाय दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो आणि किमान एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगारही. राजीनाम्यावर सही केली की ही भरपाई आणि नोटिशीचा पगार गेला. लाइन हलताना एचआर एकेकाला केबिनमध्ये बोलावतं, चहा पाजतं, छापलेला कागद पुढं सरकवतं. तिथं सही करू नका. कागद घरी आणा, युनियनच्या माणसाला किंवा कामगार वकिलाला दाखवा, कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारा. आपल्या माणसांना साहेबासमोर नाही म्हणायचा संकोच वाटतो. तो तिथं बाजूला ठेवा.

आता काम कुठं मिळेल ते.

विशीत आपण सगळे एकाच वाटेनं आलो. गावचा कुणीतरी आधी आलेला असतो, रांजणगावला नाहीतर जोगेश्वरीला त्याच्या खोलीवर पथारी टाकायची, सकाळी डबा घेऊन गेटवर जायचं, ठेकेदाराला आयटीआयचं सर्टिफिकेट दाखवायचं. त्या वयात कंपनी घेते ती तुमची ताकद आणि कमी पगार. आज तुम्ही त्याच गेटवर गेलात तर शेजारी 20 वर्षांची पोरं उभी असतील आणि ठेकेदार त्यांनाच घेईल. मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्येही 42 वय दिसलं की ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज सहसा पुढं सरकत नाही. यात तुमची काही कमतरता नाही. ती भरतीच पोरांसाठी असते.

तुमची गरज आहे ती लहान आणि मध्यम व्हेंडरांना. बजाजचा कारखाना 1985 साली वाळूजला आला आणि त्याच्यामागं इथं सुटे भाग करणारी शेकडो युनिटं उभी राहिली. दहा-पंधरा मशीन, मालक स्वतः शेडवर हजर, पोरं दर सहा महिन्यांनी बदलतात, आणि सेटिंग करणारा भरवशाचा माणूस मिळत नाही. त्या मालकाला दोनशे पीस रिजेक्ट होणं परवडत नाही. तो वय विचारत बसत नाही.

आमच्याकडं मागं एक जण आला होता, चाळिशी उलटलेला. मी बायोडाटा बाजूला ठेवला आणि एक रिजेक्ट झालेली शाफ्ट त्याच्या हातात दिली. ओडी (बाहेरचा व्यास) वरच्या टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या बाहेर, तीन शतांश मिलिमीटर मोठा. त्यानं आधी कॉटन वेस्टनं ती पुसली, मायक्रोमीटरचं शून्य तपासलं, मग तीन जागी मोजली. आणि विचारलं, "पहिल्या पीसपासून मोठी येतेय की वाढत वाढत गेली?" म्हटलं, वाढत गेली. "मग इन्सर्ट (कापणारं टोक) झिजलाय. ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) देऊन थोडा वेळ चालेल, पण इन्सर्टचं आयुष्य ठरवून बदलायला हवा." पुढचं त्यानं न विचारता सांगितलं: "जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले पीस वेगळे मोजता का? मशीन गार झाली की माप हलतं." मला आणखी काही विचारायचं राहिलं नाही. नव्या पोराला मशीन चालवता येते, माप का हललं ते सांगता येत नाही. हे 16 वर्षांत अंगी येतं आणि त्याचेच पैसे तुम्ही मागायचे.

म्हणून ऑपरेटर म्हणून जाऊच नका. सेटर-कम-सुपरवायझर किंवा लाइन क्वालिटी म्हणून जा. आणि सुरुवात ओळखीतून करा. तुमच्या कंपनीला माल देणारे व्हेंडर, इन्सर्ट विकायला येणारा सेल्सचा माणूस, मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर, तुमच्या हाताखाली शिकून दुसरीकडं गेलेली पोरं, या सगळ्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलंय. इन्सर्टवाला तर रोज आठ-दहा शेड फिरतो. कुठं सेटर सोडून गेला हे त्याला मालकाच्या आधी कळतं. त्याला फोन करायला लाज कसली?

एक काळजी मात्र घ्या. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ लावणं कायद्यानं बंधनकारक नसतं. लहान युनिटचा मालक "हातात जास्त देतो" म्हणतो आणि आपण भुलतो. पहिल्याच बैठकीत विचारा: पीएफ आहे का, बेसिक किती, पगार बँकेत की रोख. नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय जुनी नोकरी सोडू नका.

जुना पीएफ काढून घराचं प्लास्टर करायचा मोह होईल. नका करू, नव्या खात्यात ट्रान्सफर करा. तुमची पेन्शनची दहा वर्षं पूर्ण झालेली आहेत, म्हणजे 58व्या वर्षी पेन्शनचा हक्क पक्का झाला. पुढची नोकरी त्याच यूएएनला (पीएफच्या कायम नंबरला) जोडली तर वर्षांत वर्षं मिळत जातील आणि पेन्शन त्या वर्षांवर आणि पगारावर ठरते. हे करण्याआधी आत्ताच, नोकरीत असताना, पीएफच्या रेकॉर्डवरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते पाहा. आपल्याकडं गुरुजींनी अर्ध्या वर्गाची जन्मतारीख 1 जून लावलेली असते, आधार काढताना कुणी 1 जानेवारी सांगितलेली असते, आणि वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण तर दुसऱ्यावर नुसतं अक्षर. कंपनी चालू आहे तोवर दुरुस्तीला एचआरची मंजुरी मिळते. कंपनी हलल्यावर त्या मंजुरीसाठी कुणाला शोधणार?

चाकणचं म्हणाल तर मुलगा मार्गी लागेपर्यंत मी जाणार नाही. तिथं पगार जास्त दिसतो, पण खोलीभाडं, दोन ठिकाणचा किराणा आणि दर पंधरवड्याला यायचं-जायचं भाडं मांडून बघा, फारसं उरत नाही. शिवाय तुम्हाला ओळखणारी सगळी माणसं इथं आहेत, तिथं पुन्हा गेटपासून सुरुवात. संभाजीनगरजवळच्या ऑरिक या नव्या औद्योगिक वसाहतीत बिडकीनला कारखाने उभारण्याची घोषणा टोयोटा किर्लोस्कर आणि एथर या दोघांनीही 2024 मध्ये केली आहे. तुम्हाला थेट त्यांच्याकडं जागा मिळेल असं मी म्हणत नाही. पण मोठा कारखाना आला की त्याला माल देणारे वाढतात, आणि त्यांना सेटर लागतो.

गावी परतायचं? कोरडवाहू तीन-चार एकरांवर सोयाबीन-तूर करून शिकतं लेकरू असलेलं घर चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. जमीन विकू नका, बटईनं द्या आणि पगार चालू ठेवा. तालुक्याला वर्कशॉप टाकायचं मनात असेल तर पीएमईजीपी या सरकारी योजनेतून कर्जावर अनुदान मिळतं, ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला प्रकल्पाच्या 25 टक्के आणि विशेष प्रवर्गाला 35 टक्के. पण गिऱ्हाईक आधी शोधा, कर्ज नंतर. ग्रॅच्युइटीचे पैसे पहिल्याच वर्षी शेडमध्ये घालू नका.

मुलाचं उलटं आहे. त्याला आज पगार बघू देऊ नका. ठेकेदाराकडं हेल्पर म्हणून लावलात तर तीन वर्षांनीही तो हेल्परच राहील. आधी अप्रेंटिसशिप करून परीक्षा देऊ द्या, ते राष्ट्रीय सर्टिफिकेट सरकारी भरतीतही कामाला येतं. त्यानंतर चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये सीएनसी प्रोग्रॅमिंगचा छोटा कोर्स. पोलीस भरतीचं मनात असेल तर पळू द्या, पण काम शिकता शिकता. खुल्या प्रवर्गाला शिपाई भरतीची वयाची मर्यादा साधारण 28 असते. तोवर नुसतं अभ्यासिकेत बसून राहिलेली आणि मग हातात काहीच कसब नसलेली पोरं मी दर महिन्याला समोर बघतो, फार वाईट वाटतं.

आणि बायोडाटा. दोन पानांचा करू नका. वडिलांचं नाव, धर्म, छंद यांना त्यात जागा नको. पहिल्या तीन ओळींत हे लिहा: मशीनचा कंट्रोल (कॉम्प्युटर) फानुकचा की सीमेन्सचा, टर्निंग की व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन), प्रोग्रॅम स्वतः एडिट करता की नाही, कुठले पार्ट केले आणि किती टॉलरन्समध्ये. मी तेवढंच वाचतो आणि फोन लावतो.