ठराव वाचल्याशिवाय उठू नकोस

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

गणपती पोचवून तू मुंबईला गेलीस, पण पडवीत बसून बोललीस ते इथेच राहिलं आहे. "अण्णा, सगळे एकाच माळेचे मणी. या वेळी मी नोटा दाबणार. गावाचं गावाने बघावं, पुढारी नकोतच." तुम्ही पोरांनी साकवासाठी वर्गणी काढलीत आणि फलकावर नाव भलत्याचंच लागलं, हे मला ठाऊक आहे. तुझा आवाज भरून आला होता. मी तेव्हा पानसुपारीत गुंतल्यासारखं केलं, कारण जे सांगायचं होतं ते सांगायची लाज वाटत होती. आता लिहितो.

नोटा २०१३ पासून आहे, खुशाल दाब. ते बटण पाच वर्षांतून एकदा. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा होते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. त्यांतल्या किती सभांना तू बसलीस? एकाही नाही. १ मेला तर तू गावातच असतेस, आंबे खात. राग येऊ दे, पण पुढे वाच.

सभेला नुसती येऊन बसू नकोस. ठराव लिहून, मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत उठू नकोस. मला सांगायचंय ते एवढंच. तुला ते क्षुल्लक वाटेल. मलाही वाटायचं.

१९९७ ते २००२ मी पंचायतीत सदस्य होतो. मासिक सभेत चहा आला की प्रोसिडिंग बुक, म्हणजे ठराव लिहायची वही, फिरायचं. पान कोरं असायचं, खाली सह्या. ग्रामसेवक म्हणायचा, सावकाश लिहितो. आम्ही सह्या करायचो, कारण माणूस चांगला होता, आणि वाडीवाडीत उगाच तेढ कशाला. तू ज्यांना चोर म्हणतेस त्यांच्यात मीही पाच वर्षं बसलो होतो, बाय. पैसा नाही खाल्ला. कोऱ्या पानावर सही केली. माझा आजा खोताच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कबुलायतीवर, कुळाच्या करारावर, अंगठा उठवायचा, कारण त्याला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

पुढे २००६ ची १ मेची सभा. खालच्या वाडीची विहीर उपसून तिला कठडा बांधायचा, हे पहिलं काम, असं ठरलं. हात वर झाले. माझा टेम्पो उभा होता, पेट्या भरायच्या राहिल्या होत्या, मी हजेरीवर सही करून उठलो. पावसाळा सरला तरी विहिरीचं नाव नाही. माहिती अधिकार नवा होता, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज टाकला, तीस दिवसांच्या आत ठरावाची प्रत आली. त्यात विहिरीच्या जागी देवळाकडची पाखाडी, दगडी पायवाट. आणि अनुमोदक म्हणून नाव कोणाचं? माझं.

पंचायतीत विचारायला गेलो तर म्हणाले, "अण्णा, तुम्ही हजर होतात ना?"

होतो. पाखाडी झाली, चिऱ्याची, चांगली झाली. पालखी तिच्यावरूनच जाते. कोणी पैसे खाल्ले असंही मला म्हणता येत नाही. पण खालच्या वाडीतल्या बायका पुढली नऊ वर्षं चैत्र-वैशाखात वहाळात झरे खणून पाणी भरत राहिल्या. इतक्या पावसाच्या मुलखात! तुझी आजी त्यांच्यातच होती. तिने मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून सांगतो, वाचून दाखवेपर्यंत उठू नकोस.

तू मेंढा-लेखाची घोषणा म्हणून दाखवलीस. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. छान आहे. पण गडचिरोलीतल्या त्या गावात बहुमताने हात वर करून विषय संपत नाही, सगळ्यांची संमती होईपर्यंत बसतात. अभ्यासगट चालवतात, कायदा आधी समजून घेतात. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला तो या बसण्यातून. आपल्याकडे बसतात ते शिमग्याच्या मानापानासाठी. निशाण आधी कोणाच्या दारी, यावर रात्र काढतील, पाणीपट्टीवर दहा मिनिटं नाही. चरीच्या शेतकरी संपाची गोष्ट तू भाषणात सांगतेस ना? १९३३ ते १९३९, अलिबागेकडच्या २५ गावांतल्या कुळांनी खोतांची शेतं कसली नाहीत. सहा वर्षं! त्या संपाचे पुढारी नारायण नागू पाटील, त्यांचं नाव घेताना ती सहा वर्षंही मोजत जा. बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक १९३७ ला मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आणि तुला एका फलकामुळे गाव नकोसा झाला.

आता कामाचं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. म्हणजे तुम्ही सगळे घरी बसलात की बाराजणांत गावाचा कारभार कायद्याने होतो. पुढाऱ्यांवर विश्वास नाही म्हणून घरी बसणाऱ्याएवढी पुढाऱ्याची सोय कोणी करत नाही. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच घालावा लागतो. तो कुठे गेला ते ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तुझ्या फोनवर दिसेल, मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. आईला सांग, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते. आपल्याकडे ती अंगणवाडीत सह्या फिरवून होते.

माझ्या या हट्टाने नुकसानही झालंय, तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. शाळेच्या छपराच्या ठरावात एक शब्द मोघम होता. मी अडून बसलो, सभा पुढे ढकलली, मार्चअखेर उलटली, पैसे परत गेले. एक पावसाळा पोरं ताडपत्रीखाली शिकली. चुलतभाऊ तेव्हापासून बोलत नाही, भावकीत मला ‘वाचा-अण्णा’ म्हणतात. तुझा बाबाही म्हणतो, तुमच्यामुळे सभा दोन तास लांबते. लांबू दे. तो शब्द मोघम होता तो होताच. छपराला ‘आवश्यक दुरुस्ती’ म्हणजे किती पत्रे? कोणी सांगेना. मी आजही तिथे अडेन. कदाचित ताडपत्री माझ्या पैशाने आणेन, एवढाच फरक.

लोक तुला म्हणतील, मुंबईची पोरगी, हिला काय कळतं. कळत नसेल तर विचार. ‘नमुना नंबर ८’ म्हणजे काय हे मी पंचायतीत दोन वर्षं काढल्यावर विचारलं. घरांची कर आकारणी असते ती, एवढंच. गप्प राहण्यात दोन वर्षं गेली. आणि विचारताना भांडू नकोस गं. सरपंच तुझ्याच शाळेत शिकलाय, त्याच्या आईच्या हातचे घावणे तू खाल्लेत. नमस्कार कर, चहा पी, आणि म्हण, आता वाचून दाखवा.

तुझं मतदान अजून गावालाच आहे, ते मुंबईला हलवायची घाई करू नकोस.

२ ऑक्टोबरला सभा दहा वाजता लावतील, भात कापणीला आलेलं असेल, माणसं येणार नाहीत. तू आदल्या रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकड. तुझा बाबा स्टेशनवर न्यायला येईल, मी बोललोय त्याच्याशी. २००६ च्या ठरावाची प्रत पिशवीत घालून ठेवली आहे, कडा वाळवीने खाल्ल्यात पण अक्षर वाचता येतं. येताना माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय तो दुकानातून घेऊन ये, पावती तुझ्या आईकडे आहे.

तुझे
अण्णा