ग्नूप्लॉटने फाइल वाचली, पण ‘ग्राह्य बिंदू नाहीत’ असे म्हणून आलेख काढला नाही; असे का होते?

आपला प्रश्न असा आहे : तापमान नोंदवणाऱ्या उपकरणाकडून आपल्याला १२ मजकुरी फाइली मिळाल्या आहेत, प्रत्येकीत वेळ, तापमान आणि मोजमापातील अनिश्चितता असे तीन स्तंभ आहेत, आणि स्प्रेडशीटमध्ये तेच काम १२ वेळा करण्यापेक्षा आज्ञांवर चालणारा प्रोग्रॅम बरा म्हणून आपण ग्नूप्लॉट वापरू लागलात, परंतु पहिल्याच आज्ञेला त्याने फाइलीत एकही ग्राह्य बिंदू नसल्याचा इशारा दिला. मी बरीच वर्षे प्रयोगांच्या नोंदींचे आलेख याच प्रोग्रॅमने काढत आलो आहे, आणि अशा वेळी दोष आलेखाच्या आज्ञेत क्वचितच असतो. फाइल कशी वाचायची याबद्दल आपली एक समजूत असते आणि प्रोग्रॅमची दुसरी, हे बहुतेक वेळा कारण निघते.

आज्ञा मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. टंकताना त्या लहान इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकाव्यात, कारण ग्नूप्लॉट लहान-मोठ्या अक्षरांत भेद करतो. हा प्रोग्रॅम टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६ मध्ये सुरू केला आणि त्याची ६.० ही आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये आली. नावामुळे अनेकांचा समज होतो, पण ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही. तो जुन्या वळणाचा आहे, आणि त्याच्या बऱ्याच सवयी त्या वळणातूनच आलेल्या आहेत.

त्यातली पहिली सवय आपल्याला नडली असावी. वेगळे काही सांगितले नाही, तर ग्नूप्लॉट मोकळ्या जागेला किंवा टॅबला स्तंभांमधली सीमा मानतो. आपल्या फाइलीत आकडे स्वल्पविरामांनी तोडलेले असतील आणि मध्ये मोकळी जागा नसेल, तर त्याच्या दृष्टीने पूर्ण ओळ हा एकच स्तंभ ठरतो. मग आपण दुसरा स्तंभ मागितला की तो सापडत नाही आणि सर्व ओळी अग्राह्य ठरतात. म्हणून आधी फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहावी, स्प्रेडशीटमध्ये नव्हे, कारण स्प्रेडशीट स्वतःच्या समजुतीने स्तंभ पाडून दाखवते आणि फाइलीत खरोखर काय आहे ते झाकून टाकते. स्वल्पविराम दिसले, तर या दोन ओळींनी काम होईल :

सेट डेटाफाइल सेपरेटर ','
प्लॉट 'नोंद०१.सीएसव्ही' युझिंग १:२:३ विथ वायएररबार्स

‘युझिंग’नंतरचे आकडे स्तंभांचे क्रमांक आहेत : पहिला आडव्या अक्षासाठी, दुसरा उभ्या अक्षासाठी आणि तिसरा अनिश्चिततेच्या दांड्यांसाठी. नुसती रेघ हवी असल्यास १:२ आणि ‘विथ लाइन्स’ पुरे. फाइलीच्या वरच्या भागात उपकरणाचे नाव, दिनांक असा मजकूर असल्यास त्या ओळींच्या आरंभी हॅशचे चिन्ह घालावे, म्हणजे त्या टिपा समजून सोडल्या जातात. मूळ फाइलीला हात लावायचा नसेल (आणि लावू नये, असेच माझे मत आहे), तर फाइलीच्या नावानंतर ‘स्किप ४’ असे लिहून पहिल्या चार ओळी वगळता येतात.

मोकळ्या जागेने तोडलेल्या फाइलीत याहून घातक सापळा असतो, कारण तेथे इशारा मिळतच नाही. एखाद्या ओळीत मधला आकडा नोंदलाच गेला नसेल आणि त्या जागी केवळ मोकळी जागा असेल, तर सलग मोकळ्या जागा मिळून एकच सीमा होते आणि तिसऱ्या स्तंभातला आकडा सरकून दुसऱ्यात येतो. तापमानाच्या जागी अनिश्चितता काढली जाते आणि आलेखात शून्याजवळ एक अणकुचीदार दरी दिसते. मी एकदा अशा दरीचे भौतिक कारण शोधण्यात आख्खी दुपार घालवली आहे. स्वल्पविरामांच्या फाइलीत दोन लागोपाठ स्वल्पविराम म्हणजे रिकामा स्तंभ असे धरले जाते, म्हणून उपकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये निवड करता येत असेल, तर मी नेहमी स्वल्पविरामच निवडतो. रिकाम्या ओळींनाही अर्थ आहे : एक रिकामी ओळ आली की रेघ तेथे तुटते, आणि लागोपाठ दोन आल्या की पुढचा भाग स्वतंत्र संच मानला जातो, जो ‘इंडेक्स’ या शब्दाने वेगळा काढता येतो. या संचांची मोजणी शून्यापासून होते.

फाइलीचे नाव मी एकेरी अवतरणचिन्हांत लिहिले आहे, त्यालाही कारण आहे. दुहेरी अवतरणात उलट्या तिरप्या रेघेला विशेष अर्थ असतो, त्यामुळे विंडोजमधल्या मार्गात तिच्यानंतर ‘एन’ हे अक्षर आले की नवी ओळ आणि ‘टी’ आले की टॅब असा अर्थ लावला जातो, आणि समोर दिसत असलेली फाइल सापडत नाही अशी तक्रार येते. एकेरी अवतरणात ही अडचण येत नाही.

आता स्तंभांवर गणित करण्याविषयी, कारण येथे आलेख निघतो, पण चुकीचा निघतो. समजा उपकरण फॅरनहाइटमध्ये नोंदी करते आणि आपल्याला सेल्सिअस हवे आहे. तेव्हा दुसऱ्या स्तंभाच्या क्रमांकाऐवजी कंसात सूत्र लिहावे लागते आणि कंसाच्या आत स्तंभाच्या क्रमांकाआधी डॉलरचे चिन्ह द्यावे लागते. कंसात नुसता २ लिहिला, तर तो स्तंभ न राहता दोन ही संख्या होतो आणि २ या उंचीवर एक आडवी रेघ मिळते. दुसरी गोम भागाकाराची आहे : दोन पूर्णांकांचा भागाकार ग्नूप्लॉट पूर्णांकातच करतो, म्हणून (५/९*($२-३२)) असे लिहिले, तर ५/९ चे उत्तर आधीच शून्य येते आणि सर्व तापमाने शून्य होतात. (५.०/९.०*($२-३२)) असे लिहिले की उत्तर बरोबर येते. फाइलीतून वाचलेले आकडे दशांशयुक्त मानले जातात, त्यामुळे (($२-३२)*५/९) हेही चालते, पण ५.०/९.० या रूपाची सवय सुरक्षित आहे.

हे सर्व सूचनाचिन्हापुढे, म्हणजे प्रोग्रॅम आज्ञेची वाट पाहत जे चिन्ह दाखवतो त्याच्यापुढे, टंकून पाहणे ठीक आहे, परंतु जो आलेख कोणाला दाखवायचा आहे, त्याच्या आज्ञा वेगळ्या मजकुरी फाइलीत लिहून ठेवाव्यात आणि ‘लोड’ या आज्ञेने चालवाव्यात. आज्ञांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा खरा फायदा येथे आहे : सहा महिन्यांनी कोणी विचारले की या आलेखात कोणते बिंदू वगळले आणि कोणत्या सूत्राने एकक बदलले, तर उत्तर त्या फाइलीत लिहिलेले असते, स्प्रेडशीटमध्ये माउसने केलेल्या कृतींचा असा माग राहत नाही. लांब आज्ञा दोन ओळींत मोडायची असल्यास पहिल्या ओळीच्या अगदी शेवटी उलटी तिरपी रेघ द्यावी आणि तिच्यानंतर मोकळी जागासुद्धा सोडू नये. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, प्रोग्रॅमला मात्र दिसते.

आपण शेवटी विचारले आहे की थंड होण्याच्या वक्राला घातांकी सूत्र जुळवता येते का. येते, आणि त्यासाठी दुसऱ्या प्रोग्रॅमची गरज नाही :

एफ(एक्स) = ए*एक्सप(-एक्स/बी) + सी
ए = ६०; बी = ३००; सी = २५
फिट एफ(एक्स) 'नोंद०१.सीएसव्ही' युझिंग १:२:३ वायएरर वाया ए,बी,सी

मधली ओळ गाळू नये. ‘फिट’ ही आज्ञा मार्क्वार्ट-लेव्हनबर्ग पद्धतीने, म्हणजे अंदाजापासून सुरू करून पायरीपायरीने सुधारत जाते, आणि आपण अंदाज दिला नाही, तर प्रत्येक प्राचल (म्हणजे ए, बी, सी हे शोधायचे आकडे) १ धरते. दर १० सेकंदांनी नोंद असताना बी हा काल-स्थिरांक १ सेकंद धरला, तर दुसऱ्याच नोंदीपर्यंत घातांकी पद सुमारे ०.००००४५ इतके उरते; म्हणजे बी थोडा बदलून काय फरक पडतो हे त्या पद्धतीला जवळजवळ दिसतच नाही, आणि ती भलत्याच उत्तरावर थांबते किंवा मध्येच हार मानते. आलेखाकडे पाहून अंदाज करावा : वक्र शेवटी ज्या तापमानाला टेकतो ते सी, सुरुवातीचा त्याहून वरचा भाग ए, आणि हा वरचा भाग साधारण ३७ टक्के उरायला लागणारा वेळ बी.

अनिश्चिततेचा स्तंभ दिल्यावर प्रत्येक बिंदूला तिच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन मिळते. उत्तरासोबत प्राचलांच्या त्रुटी छापल्या जातात, पण त्या जशाच्या तशा अहवालात उतरवण्याआधी एक गोष्ट तपासावी : ग्नूप्लॉट त्या त्रुटी अवशेषांच्या, म्हणजे मोजलेले आकडे आणि सूत्राचे आकडे यांतल्या फरकांच्या, विखुरणीनुसार आपणहून लहान-मोठ्या करतो. आपल्या उपकरणाची अनिश्चितता खात्रीची असेल, तर आधी ‘सेट फिट नोएररस्केलिंग’ द्यावे. मापन पुस्तिकेतली अनिश्चितता अंदाजाने लिहिलेली असेल, तर मूळ पद्धतच राहू द्यावी.

आलेख फाइलीत साठवताना आधी ‘सेट टर्मिनल पीएनजीकैरो साइझ १२००,८००’, मग ‘सेट आउटपुट’ आणि नाव, त्यानंतर ‘प्लॉट’ आणि शेवटी ‘अनसेट आउटपुट’ असा क्रम ठेवावा. शेवटची आज्ञा विसरल्यास चित्राची फाइल बंद होत नाही आणि ती अर्धवट किंवा रिकामी दिसते. छापायचे असेल तर ‘पीडीएफकैरो’ घ्यावे, म्हणजे रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. अक्षाच्या नावात अधोरेखा (_) वापरली, तर तिच्यापुढचे केवळ एक अक्षर खाली उतरते. पूर्ण शब्द उतरवायचा असेल, तर तो महिरपी कंसात घालावा.

एका फाइलीवर हे सर्व मनासारखे झाले की १२ फाइलींसाठी ‘डू फॉर [आय=१:१२]’ असे लिहून पुढच्या महिरपी कंसात याच आज्ञा ठेवाव्यात, आणि फाइलीचे नाव ‘एसप्रिंटएफ’ने क्रमांक घालून तयार करावे. मात्र त्याआधी ‘सेट एक्सरेंज’ आणि ‘सेट वायरेंज’ यांनी दोन्ही अक्षांच्या मर्यादा ठरवून द्याव्यात. तसे केले नाही, तर प्रत्येक आलेखाचे प्रमाण त्या त्या फाइलीतल्या आकड्यांनुसार बदलते, आणि पाच अंशांनी थंड झालेला नमुना व पन्नास अंशांनी थंड झालेला नमुना शेजारी ठेवल्यावर अगदी सारखे दिसतात.