आधी गांजा सोडवायचा की आधी डोक्याचं बघायचं?

प्रश्न : निपाणीजवळच्या खेड्यात राहते, घरी विड्या वळते. मी सांगतेय आणि नववीतली मुलगी लिहून घेतेय. थोरला पोरगा सतरा वर्षांचा. कॉलेजात गेला आणि पोरांच्या नादानं गांजा ओढायला लागला. दिवाळीपासून रात्रभर जागा असतो, भिंतीकडं तोंड करून कुणाशी तरी बोलतो. शेजारचे माझ्यावर टपलेत, जेवणात कायतरी घालतात म्हणतो, माझ्या हातचं खात नाही. एकदा बहिणीच्या अंगावर धावून गेला. मालक पट्ट्यानं मारतात. करणी म्हणून दोनदा उतारा झाला. दीर म्हणतात, सांगलीकडं व्यसन सोडवायचं एक सेंटर आहे, गाडी येऊन उचलून नेते, सहा महिन्यांत सरळ करून देतात. दवाखान्यात नेलं तर पोलिस केस होईल काय? आधी गांजा सोडवावा का डोक्याचं बघावं?

उत्तर : ताई, दोन्ही एकाच वेळी आणि एकाच डॉक्टरकडे. मानसोपचार वॉर्डात समाजसेविका म्हणून नोकरी झाली माझी. ‘आधी व्यसन सुटू दे, मग बघू’ म्हणत घरचे थांबतात आणि आजार तेवढा मुरतो.

झोप नाही, कुणी नसताना बोलणं, जेवणात विष घालतात हा संशय, याला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. कोवळ्या वयात रोज गांजा ओढला तर हे होऊ शकतं. ओढणं थांबल्यावर काही पोरांचे आवाज थोड्या दिवसांत जातात. काहींचे महिना उलटला तरी राहतात, तेव्हा मुळात वेगळा आजार आहे का हे तपासावं लागतं. काही पोरं तर ते आवाज दबावेत म्हणूनच ओढतात. मग आधी काय नि नंतर काय!

सेंटरचं सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनातून आलेले मनाचे आजारही धरलेत. अठराच्या आतल्या पोराला दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, मोठ्या माणसांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि आई, बाप किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहावं लागतं. साखळीनं बांधायला तर पूर्ण बंदी आहे. दिरांना एवढंच विचारायला सांगा, ‘पोराची आई तिथं राहील, चालेल काय?’ पहिले दोन महिने भेट नाही, असं उत्तर आलं तर बोलणं तिथंच संपवा. मुलगा आजारी आहे, त्याला उचलून कुठं नेताय?

पोलिसांची भीती सोडा. गांजा ओढणं गुन्हा आहे हे खरं, पण उपचाराला आलेल्या पोराची तक्रार करणं हे डॉक्टरचं काम नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं त्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. फक्त निघताना खिशात पुडी नाही ना, ते बघा.

आता घरातलं. मालकांना माझ्या नावानं सांगा की पट्टा ठेवून द्या. सगळे आपल्या जिवावर उठलेत असं ज्याला वाटतं, त्याला बापाचा मार हा पुरावाच वाटणार. भाकरीत गोळी कुस्करून घालायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, हमखास देईल. घालू नका. एक घास कडू लागला की त्याचा संशय खरा ठरला! त्यापेक्षा केळी सालीसकट द्या, उकडलेली अंडी कवचासकट, बिस्किटाचा पुडा न फोडता. त्याच्या हातानं फोडून तो खाईल. ‘तिथं कुणी नाही’ म्हणून वाद घालू नका आणि ‘होय, आहे’ही म्हणू नका. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय’ एवढं पुरे.

तो शांत असताना विचारा, आवाज काय सांगतात? जीव दे म्हणतात काय, कुणाला मार म्हणतात काय? विचारल्यानं डोक्यात येतं, हा गैरसमज आहे. ‘होय’ म्हणाला तर त्याच दिवशी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत न्या. तंबाखूवर फवारायच्या औषधाच्या बाटल्या नि विळा आजच घराबाहेर दुसरीकडं ठेवा.

आणि लिहून घेणाऱ्या बाळा, तू भावाची राखण करायची नाहीस. रात्री आईजवळ किंवा मामाकडं झोप. तो अंगावर आला तर समजूत घालत बसू नकोस, घराबाहेर पड आणि 112 लाव. तुझ्यासाठी 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर पण आहे.

कुठं न्यायचं? कर्नाटकात सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका इस्पितळात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ बसतात. फोनवर विचारून मगच निघा. बेळगावचं सिव्हिल आहे, धारवाडचं डिमहान्स हे मनाच्या आजारांचं सरकारी इस्पितळ आहे. पण तुम्हाला कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी इस्पितळ बेळगावपेक्षा जवळ पडतं आणि पोराला ऐकू येणारे आवाज मराठीतनं सांगता येतील, ही माझ्या मते लहान गोष्ट नव्हे. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, फुकट नंबरावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं, मराठीतसुद्धा. तो यायलाच तयार नसेल तर झोपेची तक्रार पुढं करा. ‘झोप नाही, चल दाखवू’ हे खोटंही नाही. उताऱ्याबद्दल भांडणार नाही मी, पण उपास नि चटके नकोत.

गोळ्या सुरू झाल्या की आधी झोप लागेल, आवाज मागाहून कमी होतील, त्याला काही आठवडे जातात. गांजा सुटल्यावर पहिला आठवडाभर चिडचिड वाढते, ती धरून चाला. हात थरथरले, लाळ गळली तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. मान वाकडी झाली किंवा डोळे वर फिरले तर त्याच दिवशी दाखवा, इंजेक्शननं उतरतं. पोरगा हसायला-बोलायला लागला की ‘आता कशाला गोळी?’ म्हणणारे पाव्हणे येतील. त्यांना चहा पाजा आणि गोळी चालू ठेवा. केसपेपर नि गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत जपून ठेवा, डॉक्टर बदलावा लागला तर आधी तीच मागतात.