अकरा पानांत बायको दीड ओळ

पत्र (थोडक्यात): ताई, वय ५६, परभणीला असतो. नव्वदच्या आसपास औरंगाबादला शिकायला होतो, म्हणजे शिकत नव्हतोच. नामांतराचे मोर्चे, लॉकअप, दारू, भांडणं आणि रात्र रात्र कविता. आता पतसंस्थेत क्लार्क आहे. बरोबरचे दोघंतिघं पुरस्कारवाले झाले, फोन उचलत नाहीत. माझं एकही पुस्तक नाही. एक प्रकाशक ४५ हजार मागतोय, भरू का? की सगळं वायाच गेलं?

अहो दादा, तुमचं पत्र अकरा पानांचं. त्यात हर्सूल जेल आहे, गुत्त्यावर कोण कुणाला काय बोललं ते शब्दनशब्द आहे, कोणत्या संपादकाने कोणती कविता परत पाठवली तेही आहे, आणि बायको दीड ओळीत. "मिसेस शिवणकाम करायची म्हणून निभावलं." बस्स.

वाया गेलं का विचारताय. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ला विधिमंडळात झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, मधल्या काळात मराठवाड्यात वस्त्या जळल्या, माणसं मेली, कितीतरी पोरं कॉलेज सोडून रस्त्यावर आली, त्यात तुम्ही होतात, त्याला वाया गेलं म्हणणारी मी कोण? पण दारू काय आंदोलनाने पाजली नव्हती हो. भावाने फीसाठी दिलेले पैसे उडवले तेही आंदोलनाने नाही. तुम्ही हे सगळं एकाच खात्यावर मांडताय आणि वर म्हणताय कवीचं आयुष्य असंच असतं. नसतं असं. ढीगभर कवी वेळेवर कामावर जाऊन, मुलांचे डबे भरून लिहितात.

कवी अरुण कोलटकरांचं उदाहरण तुम्हीच दिलंय, की पहिला मराठी संग्रह १९७७ला आणि पुढचा थेट २००३ला. बरोबर आहे. पण मधल्या काळात ते लिहीत होते ना, छापायची घाई नव्हती इतकंच. तुम्ही तिसऱ्या पानावर म्हणताय की लग्नानंतर मोजून चारपाच कविता झाल्या, मग लोकांनी ओळखायचं ते नक्की कशावरून? मित्रांचा राग मला कळतो, एका ताटात जेवलेली माणसं फोन उचलत नाहीत हे लागतंच जिवाला, पण त्यांनी मधली तीस वर्षं लिहिलं हेही खरंच आहे की.

सोबतच्या दोन कविता वाचल्या. मशालवाली ठीकठाक, तेव्हा तशा पुष्कळांनी लिहिल्या. दुसरी मात्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवली, ती 'पिको-फॉल करून मिळेल' पाटीची. लाइट गेलेली, ती मशीनच्या चाकावर हात ठेवून बसलीय आणि नवरा दारात उभा, आत यायची हिंमत नाही. तारीख बघितली, मागच्या वर्षीची! म्हणजे लिहिता येतंय तुम्हाला, फक्त ज्या आयुष्यावर लिहायचं ते कवितेच्या लायकीचं नाही असं तुम्ही धरून चाललाय.

आता पैशाचं. ४५ हजार भरू नका, निदान आत्ता तरी. किती प्रती छापणार, विकणार कोण, उरलेल्या कुठे ठेवणार हे त्याने लेखी दिलंय का? नसेल तर गठ्ठे तुमच्याच पलंगाखाली येणार. आधी मासिकांकडे, दिवाळी अंकांकडे पाठवा. धुळ्याला पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ मध्ये फक्त कवितेसाठी 'कविता-रती' सुरू केलं, तुम्हाला माहीत असणारच. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्या अटी बघून घ्या, नवलेखक शब्दाने ५६व्या वर्षी लाजायचं काही कारण नाही. संमेलनातल्या कविकट्ट्यावर वाटल्यास जा, पण दोनतीन मिनिटांत कुणी शोधून काढेल या आशेने नको.

आणि हो, ते ४५ हजार घरातले की पतसंस्थेचं कर्ज, हे पत्रात कुठेच नाही. बायकोला विचारलंय का? पिको-फॉलची कविता तिने वाचलीय का, तेही नाही लिहिलंत. ती आधी तिला वाचायला द्या, आणि ती रडली-बिडली किंवा चिडली तर लगेच त्याच्यावर दुसरी लिहायला बसू नका, तिला बोलू द्या. भावाच्या पैशांचाही आकडा काढा, फेडता येईल तेवढा फेडा. नव्या चारपाच झाल्या की मला पाठवा, मशालवाली सोडून.