जुन्या दाणेदार छतावर थेट गिलावा मारू नका, आधी रंग उतरवा

दादा, तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. साताऱ्यात शाहूपुरीतलं 1991 चं घर, हॉलच्या छताला दाणेदार टेक्स्चर, हात लावला की पांढरी पूड पडते, आणि ठेकेदार म्हणतो खरवडायची काही गरज नाही, वरूनच मारून दोन दिवसांत गुळगुळीत करून देतो. अगदी हेच मी सांगलीत, गावभागातल्या आमच्या घरात ऐकलंय आणि हो म्हणून बसलेय.

2019 चा महापूर ओसरला तेव्हाची गोष्ट. तळमजल्यातला गाळ काढून झाला होता, सगळ्या गल्लीत एकदमच कामं निघाली होती, गवंडी मिळणं मुश्किल. मिळालाय तर वरच्या सासूबाईंच्या खोलीचं छतही उरकून घेऊ, असा विचार केला. छताला 88 सालचं टेक्स्चर, ब्रशने सिमेंट उडवून केलेलं, त्यावर डिस्टेंपरचे किती हात बसले होते कोण जाणे. त्याने एक दिवस झाडू मारला, पाणी शिंपडलं आणि दाणे बुजावेत म्हणून सरळ जाड थर चढवला. दिसायला इतकं सुरेख झालं की शेजारच्या वहिनी बघायला आल्या.

पाचव्या महिन्यात पहाटे धाडकन आवाज झाला. सासूबाई नुकत्याच उठून देवघरात गेल्या होत्या. त्यांच्या उशीवर परातीएवढा तुकडा पडला होता. मी तो उलटा करून पाहिला. मागची बाजू पांढरीशुभ्र, बोट फिरवलं तर शाळेच्या फळ्याला हात लावल्यासारखी पूड. वर पाहिलं तर जुने दाणे रंगासकट जागच्या जागी. म्हणजे गिलावा मोडला नव्हता, रंगावरून सुटला होता.

जुनं कोरडं डिस्टेंपर म्हणजे मुळात खडूची भुकटी आणि सरस. पाणी लागलं की ते मऊ पडतं. ओला गिलावा त्यावर मारला की गिलाव्यातलंच पाणी त्याची पकड सोडवतं. त्यात वजनाचा हिशोब करा. दहा बाय बारा फुटांची खोली आणि 20 मिमी सिमेंटचा थर धरला तर साधारण साडेचारशे किलो होतात. एवढा भार आमच्याकडे खडूच्या पुडीला लटकला होता. भिंतीचा गिलावा सुटला तर निदान फुगून आधी सांगतो, छताचा सांगेलच असं नाही. सिमेंटऐवजी मारतात तो जिप्समचा गिलावा हलका असतो हे खरं, पण पुडीवर तोही धरत नाही.

म्हणून माझं ठाम मत (मी इंजिनिअर नाही, हात पोळलेली आहे एवढंच): टेक्स्चर पूर्ण निघालंच पाहिजे. फडकं ओलं करून छतावर जोरात घासा. फडकं पांढरं झालं तर वाद घालत बसू नका. ओलं करून पत्र्याच्या पट्टीने खरवडायचं, म्हणजे धूळही कमी उडते. तरी मास्क लावाच. त्यानंतर हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकत जा. जिथे बद्द आवाज येईल तिथला जुना गिलावा छन्नीने काढा, मग उघड्या स्लॅबला टाचे (छन्नीने बारीक खाचा) मारून घ्या, म्हणजे नवा थर धरेल. नवा थर शक्य तितका पातळ. छताला सिमेंट गिलावा 6 मिमीच्या आसपास पुरतो. खड्डे आधी वेगळे भरायचे, सगळं एकाच दमात चढवायचं नाही. जिप्सम करणार असाल तर त्याआधी जिप्समची कंपनी सांगेल ते बाँडिंगचं लिक्विड (थर चिकटून राहावा म्हणून लावतात ते) लावून घ्या, आणि कोरड्या छतावरच.

कोरडं म्हणजे खरंच कोरडं. तुमच्याकडे साताऱ्याला पाऊस आमच्यापेक्षा जास्त. वर गच्चीचा कोबा (पाणी मुरू नये म्हणून केलेला थर) तडकला असेल तर खालून सोनं लावलं तरी टिकणार नाही. खरवडताना तांबूस डाग किंवा सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग दिसली तर काम तिथेच थांबवा आणि स्ट्रक्चरवाल्या माणसाला दाखवा. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटलाच ढकलते, तिथे गवंड्याचं काम नाही. पंख्याचा हुकही त्याच वेळी बघून घ्या.

आता मनातलं सांगते. तुकडा पडल्यावर आम्ही सिमेंटसोबत वापरलेल्या बाँडिंगच्या लिक्विडच्या कंपनीला फोन केला, कारण ठेकेदार म्हणत होता माल खराब निघाला. अकरा फोन. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी एक जण आला, दोन मिनिटं मान वर करून बघितलं आणि म्हणाला, बिल कुणाच्या नावावर आहे? बिल ठेकेदाराच्या नावावर. विषय संपला. सासूबाई महिनाभर त्या खोलीत झोपायला तयार नव्हत्या, याचं कुणाला काय. मालाचं बिल स्वतःच्या नावावर घ्या, गोणीवरच्या तारखेचा फोटो काढून ठेवा. जिप्समची गोणी जुनी असेल तर परत पाठवा.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी सुचवलंय, फॉल्स सीलिंग (खाली दुसरं हलकं छत) करून झाकून टाका. मला पटत नाही. आत काय पडतंय, कुठे ओल येतेय ते दिसायचं बंद होतं. ज्यांच्या स्लॅबची खात्री आहे त्यांनी खुशाल करावं.

आणि सिमेंटचा गिलावा केलात तर किमान सात दिवस पाणी मारायला माणूस ठेवा. छताला पाणी मारणं कंटाळवाणं असतं, म्हणून तेच पहिल्यांदा चुकवलं जातं. आमच्या दुसऱ्या खेपेला मी स्वतः सकाळ-संध्याकाळ पाइप धरला. ते छत अजून टिकून आहे, दर दिवाळीच्या साफसफाईत मी ठोकून बघते.

ठेकेदार सोमवारी येणार म्हणालात. तोवर ओल्या फडक्याचं करून बघा आणि फडक्याचा फोटो इथे टाका.