ऑटिझम असलेला माझा मुलगा शाळेत सांगितलेलं काहीच करत नाही, स्वतःच्या आवडीचंही नाकारतो. त्याला शिस्त कशी लावू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा तिसरीत आहे, ऑटिझमचं निदान झालेलं आहे, बोलतो छान, आणि गोव्यातल्या दुर्भाटच्या फेरीबोटीबद्दल मोठ्यांना गप्प बसवील इतकी माहिती त्याच्याकडे आहे. पण टीचरनी ‘पुस्तक उघड’ म्हटलं की तो बाकाखाली जातो. चित्रं काढायचं त्याला वेड आहे, तरी ‘आता चित्र काढ’ म्हटलं की कागद फाडतो. शाळेच्या मते तो लाडावलाय, घरच्यांच्या मते दोन धपाटे कमी पडलेत. त्याला शाळेतून काढू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय.

मी विशेष शिक्षिका आहे. फोंडा आणि डिचोली भागातल्या शाळांमधून अशा मुलांबरोबर काम करत आले आहे. माझं म्हणणं आधीच सांगते: तुमच्या मुलाला आणखी शिस्त नको आहे. शाळेत एक तरी मोठं माणूस असं हवं, ज्याच्याजवळ असताना त्याला आपल्यावर हुकूम येतोय असं वाटणार नाही. बाकी सगळं त्यानंतर.

तुम्ही वर्णन केलेल्या वागण्याकडे ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमच्या एलिझाबेथ न्यूसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात लक्ष वेधलं. त्यांचा यावरचा गाजलेला लेख २००३ साली आला. पीडीए, म्हणजे पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉइडन्स (मागणी विकृत म्हणावी इतकी टाळणं), हे नाव त्यांचंच, आणि हल्ली ते ‘मागणी टाळण्याची टोकाची प्रवृत्ती’ अशा अर्थानेही लिहिलं जातं. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-५ किंवा आयसीडी-११ या आंतरराष्ट्रीय याद्यांमध्ये हे वेगळं निदान म्हणून नाही. हा ऑटिझमचाच एक प्रकार आहे, की अतिशय घाबरलेल्या ऑटिस्टिक मुलाने स्वतःला वाचवायला शोधलेला मार्ग आहे, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. मला दुसरी बाजू जास्त पटते. पण वर्गात काय करायचं, याचं उत्तर दोन्हीकडून एकच येतं. म्हणून हे नाव लिहिलेल्या कागदासाठी डॉक्टरांकडे फेऱ्या मारू नका. हक्क मिळवायला ऑटिझमचं निदान पुरेसं आहे.

आता त्याच्या बाजूने बघू या. आपल्याला ‘वही काढ’ ही साधी सूचना वाटते. त्याच्या शरीराला ती धोक्यासारखी लागते: छाती धडधडते, पोटात गोळा येतो, आणि कसंही करून इथून सुटायचं एवढंच उरतं. मागणी तोंडी असायलाच हवी असं नाही. घंटा ही मागणी आहे. वहीतली रिकामी ओळ ही मागणी आहे. भूक लागली, शी लागली, हीसुद्धा शरीराने केलेली मागणी. ‘मला आज फेरीचं चित्र काढायचंय’ हे त्याने सकाळी स्वतःच ठरवलेलं असतं, आणि दहा वाजता तेच त्याच्या मानगुटीवर बसतं. आवडीचं काम तो का नाकारतो, हे कोडं इथे सुटतं. करावंसं वाटणं आणि करता येणं यांच्यामध्ये भीती उभी आहे.

आणि ही मुलं सुरुवातीलाच ओरडत नाहीत, हे शिक्षकांना समजावणं मला सगळ्यात अवघड गेलं आहे. आधी ‘पोटांत दुखता’ येतं. मग ‘आज माझे हात काम करत नाहीत’. मग टीचरच्या कानातल्यांचं कौतुक, एखादा लांबलचक प्रश्न, मांजर होऊन म्याव करणं, किंवा स्वतःच टीचर होऊन वर्गाला दरडावणं. हे सगळं करून सुटका झाली नाही की मग किंचाळणं, फेकणं, चावणं, गेटकडे पळणं. शिक्षक आधीची हुशारी पाहतात आणि म्हणतात, ‘बघा, सगळं कळतं त्याला, मुद्दाम करतो.’ कळतं हे खरंच आहे, ताई. बुडणाऱ्यालाही किनारा कुठे आहे ते कळत असतं. म्हणून तो मुद्दाम गटांगळ्या खातोय असं आपण म्हणत नाही.

शाळेचे नेहमीचे उपाय इथे उलटतात तेही याचमुळे. स्टारचा तक्ता लावला की स्टार मिळवणं ही नवी मागणी झाली. ‘शाबास, किती छान लिहिलंस!’ यातून त्याला ऐकू येतं की उद्याही असंच लिहावं लागणार, आणि कौतुक झालेली वही दुसऱ्या दिवशी टराटरा फाटते. चित्रांचं वेळापत्रक पुष्कळ ऑटिस्टिक मुलांना आधार देतं, पण या मुलांना तीच भिंतीवर चिकटवलेली हुकुमांची यादी वाटू शकते. कडक बोललं की पाच मिनिटं शांतता मिळते आणि त्या माणसावरचा भरवसा जातो. तो परत मिळवायला महिने लागतात.

दुसरा एक प्रकार तुमच्याकडेही होत असेल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. काही दिवस तो शाळेत दगडासारखा गप्प असतो, आणि बालरथमधून, म्हणजे शाळेच्या बसमधून, उतरला की अंगणातच भडका उडतो. मग शाळा सांगते, ‘आमच्याकडे तर नीट असतो, घरीच काहीतरी चुकतंय.’ दिवसभर दाबून धरलेलं जिथे सुरक्षित वाटतं तिथे बाहेर पडतं. ते तुमच्याजवळ पडतं, कारण तुमच्याकडे त्याला तसं वाटतं. ही गोष्ट मुख्याध्यापकांना सांगाच. संध्याकाळचे दोन-तीन व्हिडिओ दाखवायची वेळ आली तर दाखवा, मात्र त्याचं चित्रीकरण करतोय हे त्याला जाणवणार नाही याची काळजी घ्या.

इंग्लंडमध्ये शाळेतून काढून टाकलेल्या ऑटिस्टिक मुलांशी, त्यांच्या पालकांशी आणि शिक्षकांशी बोलून केलेला एक छोटा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक मुलांमध्ये मागणी टाळण्याची ही प्रवृत्ती होती. आधीच्या शाळांमध्ये आवाज-गर्दीचा त्रास आणि गरज न ओळखता दिलेली वागणूक यांतून प्रकरणं चिघळत गेली होती. मुलं परत शिकायला लागली ती जागा बदलल्यामुळे आणि शिक्षकांशी नातं जुळल्यामुळे. तिथल्याच पीडीए सोसायटीने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ७० टक्के मुलांना शाळा सोसवत नव्हती किंवा ती घरीच शिकत होती. उत्तरं देणारी कुटुंबं आधीच त्रासलेली असणार, त्यामुळे तो आकडा सगळ्यांना लावू नये. पण तुम्ही एकट्या नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

मग वर्गात काय बदलायचं? सगळ्यात आधी बोलणं. आपल्या शाळांतलं बोलणं म्हणजे नुसती आज्ञा: बस, ऊठ, काढ, लिही, गप्प राहा. त्याऐवजी टीचरनी त्याच्याकडे न बघता, जवळच बसून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणावं, ‘फेरीत एका वेळी सहा गाड्या मावल्या, तर वीस गाड्यांना किती खेपा लागतील कोण जाणे.’ आणि थांबावं. उत्तराची वाट बघत त्याच्या तोंडाकडे पाहू नये, नाहीतर तीही मागणी झाली. ‘निळं पेन की पेन्सिल?’ असा खरा पर्याय चालतो. ‘लिहितोस की बाहेर उभा राहतोस?’ हा पर्याय नाही, धमकी आहे, आणि ही मुलं तो फरक क्षणात ओळखतात. लिहायचं नसेल तर तोंडी सांगू दे, त्याने सांगितलेलं टीचरनी लिहून घ्यावं. एक मुलगी माझ्याकडे स्वतःच्या नावाने काही करायची नाही, पण ‘पोस्टातल्या बाई’ झाली की पत्ते लिहायची, पैसे मोजायची, बेरजा तपासायची. आम्ही ते वर्षभर चालू ठेवलं आणि तिचं गणित त्यातच झालं.

म्हणजे मुलाला वाटेल ते करू द्यायचं का? नाही. कशावर अडून बसायचं, ते शाळेने आणि तुम्ही मिळून ठरवा, आणि ते फार थोडं असू द्या: गेटबाहेर पळायचं नाही, दुसऱ्याला इजा करायची नाही. गणवेशाचा पट्टा, प्रार्थनेला हात जोडणं, रांगेत कितव्या नंबरला उभं राहणं, सुंदर अक्षर हे सगळं सध्या सोडून द्या. आज तो रात्री झोपलेला नसेल, पावसाने पत्रे वाजत असतील, तर आणखी सोडा. बरा दिवस असेल तर थोडं पुढे जा. दिवस बघून मागणी कमी-जास्त करायची हे कौशल्य आहे, आणि ते त्या एका माणसाकडे येतं, वर्गातल्या चाळीस मुलांकडे एकदम बघणाऱ्याकडे येत नाही. म्हणून मी त्या एका माणसाचा आग्रह धरते. ती वर्गशिक्षिकाच असायला हवी असं नाही. ग्रंथालयातल्या बाई, पीटीचे सर, दार उघडणाऱ्या मावशीसुद्धा चालतील. तो आत्ता शाळेत कोणाच्या जवळ घुटमळतो ते बघा.

घरच्यांसाठी एक गोष्ट. गोव्यातल्या संगत संस्थेने रावळपिंडीतल्या गटाबरोबर केलेला एक प्रयोग २०१६ साली लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात आला. त्यात स्थानिक कार्यकर्त्यांनी ऑटिस्टिक मुलांच्या पालकांना शिकवलं की मुलाचं लक्ष कुठे आहे ते बघा आणि त्याला धरून बोला. पालकांच्या संवादात त्यामुळे चांगला फरक पडला. तो अभ्यास मागणी टाळण्याबद्दल नव्हता, मुलंही लहान होती. पण मुलाला ओढण्याऐवजी त्याच्यामागून जायचं, ही सवय तुमच्या घरीही उपयोगी पडेल.

शाळेशी बोलताना कायदा माहीत असू द्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून द्यायच्या आहेत, आणि अभ्यासक्रम व परीक्षेत बदल करायची तरतूद त्यात आहे: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. घरी कोकणी, शाळेत मराठी, शिवाय इंग्लिश आणि पुढे हिंदी, असा भार आपल्याकडच्या मुलांवर असतो. तुमच्या मुलासाठी भाषांची सूट ही खूप मोठी गोष्ट ठरेल, ती लवकर मागा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मनाई आहे. त्यामुळे धपाट्यांचा सल्ला शाळेतून आला तर तो लेखी मागा. पुन्हा येणार नाही.

शाळेतून काढायचं का? माझं मत: आत्ता लगेच नको, पण ओढत नेऊन बालरथमध्ये बसवणंही आजपासून बंद. रडत-ओरडत गाठलेल्या शाळेत तो शिकत नाही, फक्त शाळेला अधिक घाबरायला शिकतो. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन काही आठवडे अर्धा दिवस मागा. चवथीची, म्हणजे गणपतीची, सुट्टी तोंडावर आहे, आणि घरातली गर्दी, आरत्या, घुमट वाद्याचा आणि फटाक्यांचा आवाज यानंतर शाळेत परतणं या मुलांना फार जड जातं. तेव्हा सुट्टी लागण्याआधीच ती बैठक घ्या. पहिल्या दिवशी तो कोणाजवळ बसेल, असह्य झालं तर कुठल्या खोलीत जाईल आणि कोणालाही न विचारता तिथे कसा जाईल, एवढं ठरवून घ्या. खोली त्याला सुट्टीतच, शाळा रिकामी असताना, एकदा बघू द्या. येत नाही म्हणाला तर तुम्ही एकट्या जा, फोटो काढून आणा आणि टेबलावर ठेवून द्या. बघ म्हणू नका. बैठकीत अडलं तर इथे लिहा, अर्जाचा मसुदा मी करून देईन.